हवा काढली तरी ब्रेक स्पंजीच? या चुका टाळा

पावसाळ्यात चोरल-पातालपानीकडे चिखलात गाड्या घालून आलं की इंदूरच्या गॅरेजांत तक्रार एकच, ब्रेक दबतोय, आणि उत्तरही ठरलेलं, "हवा आ गई भिया, निकाल देते हैं", म्हणजे ब्रेकच्या ऑइल लाइनमध्ये हवा शिरलीय. अहो पण निप्पलला (चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू) पाना लावायच्या आधी पेडल काय सांगतंय ते तरी बघा! दोन-तीनदा पंप मारल्यावर पेडल वर येतंय पण पायाखाली लुसलुशीतच लागतंय, तर हवा. वर येऊन एकदम कडक होतंय आणि मागे ड्रम ब्रेक आहेत, तर बहुतेक शूज आणि ड्रममध्ये गॅप पडलाय, आधी तो अॅडजस्ट करा. पाय दाबून धरला की हळूहळू खाली जातंय तर कुठेतरी लीक आहे नाहीतर मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा पंप) सील गेलंय, तिथे दिवसभर हवा काढत बसलात तरी काही होणार नाही. आणि जानापावच्या उतारावर ब्रेक गायब, गाडी थंड झाल्यावर परत ठीक, म्हणजे ब्रेक ऑइल जुनं होऊन हवेतलं पाणी प्यायलंय. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा ग्रेड) किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी ओढल्यावर हीच हद्द १५५ वर येऊ शकते, मग वाफ होते आणि पेडल दबतं. म्हणून वर्षभर उघडी पडलेली बाटली वापरू नका. डॉट ५ तर डॉट ४ मध्ये अजिबात मिसळू नका, आकडा मोठा असला तरी ते सिलिकॉनचं वेगळंच प्रकरण आहे (५.१ चालतं).

आता खरंच हवा असेल तर. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, आपल्या बहुतेक गाड्यांत मागचं डावं, पण कंपनीचा क्रम वेगळा असेल तर तोच धरा. निप्पलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडलेलं. हेल्परने पेडल दाबायचं आणि धरायचं, तुम्ही निप्पल उघडून परत बंद करायचं, आणि बंद झाल्यावरच त्याने पाय सोडायचा. इथे घाई झाली की बाहेर गेलेली हवा परत आत. जुन्या जीपमध्ये पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, नाहीतर सील कधी न गेलेल्या गंजक्या भागावर जाऊन फाटतं. टाकीत ऑइल संपू दिलंत तर पहिल्यापासून सुरुवात.

ज्या गाड्यांत मागच्या अॅक्सलवर लोडप्रमाणे प्रेशर देणारा व्हॉल्व्ह असतो त्यांना चेसिसखाली स्टँड लावून अॅक्सल लोंबकळत ठेवला तर गाडी रिकामी समजून तो मागचं प्रेशर कमी करतो आणि मागची हवा नीट निघत नाही, म्हणून स्टँड अॅक्सलखालीच. कॅलिपर (डिस्कला पॅड दाबणारा भाग) काढून बसवलेत? निप्पल वरच्या बाजूला आहे ना बघा, डावं-उजवं बदललं की ते खाली जातं आणि हवा वरती अडकून राहते, मग बाटल्याच्या बाटल्या ओता!

एबीएसच्या मॉड्यूलमध्ये हवा गेली तर बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लागतो, तिथे जुगाड नको. इंजिन चालू केल्यावर पेडल थोडं खाली जातं तो बूस्टर (ब्रेकला जोर देणारा भाग) आहे, घाबरू नका. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाणी मारा, आणि निप्पलच्या रबरी टोप्या परत लावा, चिखल भरून गंजलं की पुढच्या वेळी तेच निप्पल पान्यात तुटून येतं.