जुन्या गाडीसाठी स्पार्क प्लग कसा निवडायचा आणि गॅप कसा सेट करायचा

प्लगचा नंबर मॅन्युअलमधून घ्या, मॅन्युअल नसेल तर प्लग कंपनीच्या कॅटलॉगमधून. आत्ता जो बसवलेलाय तसाच दुसरा आणू नका, आधीच्या मालकाने काय कोंबलंय कुणाला माहीत. आट्यांची लांबी नक्की बघा, १४ मिमी जाडीचे प्लग १२.७ लांबीचेही येतात आणि १९ चेही, आखूड आट्यांच्या सिलिंडर हेडमध्ये लांब प्लग गेला तर पिस्टन येऊन आदळू शकतो. हीट रेंजचं (प्लग किती लवकर उष्णता बाहेर सोडतो; लवकर सोडतो तो थंड, सावकाश सोडतो तो गरम) पण तसंच, एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलटं, त्यामुळे नुसता आकडा जुळवून कंपनी बदलू नका. आणि पॉइंटवाल्या (म्हणजे उघडझाप करणाऱ्या यांत्रिक संपर्काने स्पार्क पाडणाऱ्या जुन्या) इंजिनला साधा निकेलचा प्लग पुरतो, इरिडियमवर पैसे घालवायची काहीच गरज नाही.

आता गॅप, म्हणजे मधला आणि बाजूचा इलेक्ट्रोड यांच्यातलं अंतर. मला सगळ्यात जास्त त्रास इथेच झालाय. पॉइंटवाल्या बऱ्याच गाड्यांना ०.६ ते ०.८ मिमी लागतो, इलेक्ट्रॉनिक इग्निशनला त्याहून जास्त चालतो, पण नेमका आकडा तुमच्या इंजिनचाच घ्या. "गॅप वाढव, स्पार्क मोठा पडेल, पिकअप सुधारेल" हा सल्ला अजिबात ऐकू नका!! गॅप जितका मोठा तितकं कॉईलला (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी गुंडाळी) जास्त व्होल्टेज द्यावं लागतं, आणि जुन्या कॉईलमध्ये तेवढा दम नसतो. आयडलला गाडी मस्त चालते, मग चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं, स्पार्क पडत नाही आणि गाडी मिसिंग करायला (मधेच स्पार्क चुकून धक्के खायला) लागते, आणि लोक मात्र कार्ब्युरेटर खोलून बसतात. गॅप फार कमी ठेवला तर आयडलच बिघडतो.

"डब्यातून सेट होऊन येतो" यावर पण विश्वास नको, प्रत्येक प्लग मोजा. वापरलेला प्लग मोजताना चपट्या पातीचा गेज फसवतो, झिजून पडलेल्या खळग्यावरून पाती तशीच सरकते आणि गॅप आहे त्यापेक्षा कमी वाटतो, म्हणून तारेचा गेज घ्या. तार किंचित घासत गेली पाहिजे, सैल पण नको आणि ओढावी लागेल इतकी घट्ट पण नको. वाकवायचा तो फक्त बाजूचा इलेक्ट्रोड, तोही गेजवरच्या खाचेत धरून. मधल्या इलेक्ट्रोडवर टेकू देऊन स्क्रूड्रायव्हरने उचकटलंत तर आतल्या पोर्सेलिनला केसाएवढी चीर जाते, ती डोळ्याला दिसत नाही आणि नंतर मिसिंग शोधता शोधता नाकी नऊ येतात. गॅप कमी करायचा असेल तर बाजूचा इलेक्ट्रोड कडक जागेवर अगदी हलका टेकवा, परत मोजा.

बसवताना इंजिन थंड हवं. शेवटपर्यंत हातानेच फिरवा, मग पान्याने नवीन वॉशरवाला प्लग अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, टेपर सीटवाला (वॉशरऐवजी तिरक्या कडेवर बसणारा) फक्त एक सोळांश.

थोडं चालवून झाल्यावर काढून रंग बघा. फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी असेल तर लगेच गरम प्लग घालू नका, आधी मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं प्रमाण) आणि चोक बघा. पांढराफटक, फोड आल्यासारखा दिसला तर टायमिंग (स्पार्क नेमका कधी पडतो ते) तपासेपर्यंत गाडी ताणू नका.