रायफलवरील दुमडत्या राखीव साइटची विश्वासार्हता कशी तपासावी

रेड डॉटची, म्हणजे लाल ठिपक्याने नेम दाखवणाऱ्या साइटची, बॅटरी संपली किंवा दुर्बिणीची काच फुटली, तर ज्या दुमडत्या आयर्न साइटवर (काच-बॅटरी नसलेल्या साध्या यांत्रिक साइटवर) नेमबाजाची भिस्त असते, तिच्याबाबत एकच गोष्ट पाहायची असते: मिटवून पुन्हा उभी केल्यावर ती नेमकी आधीच्याच जागी येते का? याचे उत्तर बिजागरी, खिट्टी आणि रेलवरची (रायफलवरील खाचांच्या पट्टीवरची) पकड या तीन ठिकाणी दडलेले असते.

प्रथम मॅगझिन काढून चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करावी आणि रायफल टेकूवर पक्की ठेवावी. मग साइट उभी करून दोन बोटांत धरावी व आधी पुढे-मागे, नंतर डावी-उजवीकडे हलवून पाहावी. अनेकजण पुढे-मागे जाणवणाऱ्या ढिलेपणानेच धास्तावतात, पण ती भीती अनाठायी आहे. ३५ मिलिमीटर उंचीची सरळ उभी साइट एक अंशाने कलली, तर तिची उंची जेमतेम ०.००५ मिलिमीटरने घटते, आणि फोरसाइट (पुढची साइट) व बॅकसाइट (मागची साइट) यांत ४०० मिलिमीटर अंतर असेल तर १०० मीटरवर त्याने दीड मिलिमीटरचाही फरक पडत नाही. याउलट तीच साइट ०.१ मिलिमीटर बाजूला सरकली, तर तेवढ्याच पल्ल्यावर गोळी २५ मिलिमीटर बाजूला लागते. म्हणून आडवा ढिलेपणा असलेली साइट, तिची खिट्टी कितीही कडक आवाज करत बसत असली, तरी मी भरवशाची मानणार नाही.

पकड तपासताना साइटखालची आडवी पट्टी पिकॅटिनी रेलच्या खाचेत पूर्ण बसली आहे ना, हे पाहून, साइट नळीच्या तोंडाकडे ढकलून धरत स्क्रू निर्मात्याने सांगितलेल्या जोराने आवळावा. फोरसाइट हँडगार्डवर (नळीभोवतीच्या, हाताने धरायच्या आवरणावर) असेल, तर हँडगार्डही रिसीव्हरवर (रायफलच्या मुख्य सांगाड्यावर) घट्ट हवा, कारण तो हाताच्या किंवा पट्ट्याच्या ताणाने वाकला की निर्दोष साइटही चुकीची दिशा दाखवते, आणि हा दोष साइटच्या माथी मारला जातो. पॉलिमरची साइट हलकी असते व किरकोळ धक्का सोसते. मात्र तापणाऱ्या गॅस ब्लॉकवर (नळीतला वायू बाहेर घेणाऱ्या, नळीवरच्या भागावर) ती बसवू नये, तिथे धातूचीच हवी.

खरी परीक्षा मैदानावर होते. रेड डॉट बंद करून, टेकूवरून, एकाच प्रकारच्या काडतुसांनी साइट झिरो करावी, म्हणजे नेम धरू तिथेच गोळी लागेल अशी जुळवावी, आणि साइटला हात न लावता पाच गोळ्यांचा गट मारावा. दुसऱ्या गटात प्रत्येक गोळीआधी दोन्ही साइट मिटवून पुन्हा उभ्या कराव्यात. दुसऱ्या गटाचा मध्य सरकला किंवा घेर स्पष्टपणे वाढला, तर बिजागरीत दोष आहे. पाच गोळ्यांत योगायोगालाही वाव असल्याने निकाल देण्यापूर्वी दोन्ही गट पुन्हा मारावेत. झिरो करताना फोरसाइट वर केली की गोळी खाली लागते, हा उलटा हिशेब ध्यानात ठेवावा.

साइट कसोटीला उतरली की स्क्रूचे डोके आणि साइटचे अंग यांवरून रंगाची एक बारीक सलग रेघ ओढावी. ती तुटलेली दिसली, तर स्क्रू फिरला आहे असे समजून साइट पुन्हा झिरो करावी. बिजागरीतली धूळ ब्रशने काढून तेलाचा एकच थेंब द्यावा, कारण जास्त तेल धूळ धरून ठेवते.