एकदा वापरून फेकायच्या वस्तू बंद करताय? या चुका टाळा

कापडी लंगोट आणले, पण ते गळतात म्हणून डायपरची पाकिटंही येतच राहिली. चार्ज होणारे सेल घेतले, ते सहा महिन्यांत खणात जाऊन पडले. अशा घरात बचत होत नाही, एकाच कामावर दोनदा खर्च होतो. दोष वस्तूला दिला जातो. खरं तर बहुतेक वेळा चूक धुण्यात, वाळवण्यात किंवा भलत्याच ठिकाणी वापरण्यात असते आणि ती घरच्या घरी सुधारता येते.

हिशेब न करता सगळं एकदम आणणं

नव्या वस्तूच्या किमतीला दर वापरामागे वाचणाऱ्या पैशांनी भागा. जे उत्तर येईल तितके वापर झाल्यावर बचत सुरू होते. समजा, फेकायचं पॅड ८ रुपयांना पडतं आणि कापडी पॅड १५० रुपयांना. म्हणजे १९ वापर हवेत. एका पाळीत तेच पॅड धुऊन दोनदा वापरलं, तर पैसे वसूल व्हायला दहा महिने लागतील. मेन्स्ट्रुअल कप (पाळीत पॅडऐवजी योनीत बसवायचा, पुन्हा वापरता येणारा कप) ४०० रुपयांचा धरला आणि दर पाळीला १५ पॅड वाचले, तर चौथ्या पाळीतच किंमत भरून निघते. आणि जुन्या सुती साडीचं मसोतं? त्याला पैसेच पडत नाहीत, टिश्यूच्या रोलचा खर्च पहिल्या दिवसापासून थांबतो. म्हणून सुरुवात घरात असलेल्या कापडापासून करा आणि विकत घ्यायचंच असेल तर ज्याचा खप सगळ्यात जास्त आहे, ती वस्तू आधी घ्या.

फडकं पाणी टिपत नाही

चादर फाडून फडकी केली, पण ओटा पुसताना पाणी नुसतं इकडून तिकडे पसरतं. चादरीत पॉलिएस्टरची भेसळ असली की असं होतं. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि सिंकवर जाळून बघा. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. मिश्र कापड पोतेऱ्यालाही फारसं चालत नाही, धूळ झटकायला ठेवा.

कापड शुद्ध सुती पण नवं असेल, तर त्यात खळ असते आणि कापसाचं नैसर्गिक मेणही. गरम पाण्यात तीन-चार वेळा धुतल्याशिवाय ते नीट शोषत नाही. तिसरं कारण म्हणजे कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण. त्याचा थर धाग्यांवर बसतो. टिपण्याच्या कोणत्याही कापडाला, मग तो टॉवेल असो, लंगोट असो की पॅड, ते लावूच नका.

लंगोट गळतो, सकाळी उग्र वास येतो

सर्वांत जास्त पैसे इथे वाचतात आणि सर्वांत जास्त लोक इथेच माघार घेतात. तान्ह्या बाळाला दिवसाला दहा-बारा लंगोट लागतात. एक दिवसाआड धुणार असाल तर २४ लंगोट आणि पाच-सहा जलरोधक कव्हरं ठेवा. संख्या कमी पडली की अर्धवट वाळलेला लंगोट वापरला जातो आणि पुरळ उठतं.

गळत असेल तर आधी कव्हरच्या मांडीजवळच्या कडा बघा. आतला लंगोट जरासा जरी बाहेर डोकावत असेल, तरी ओल वातीसारखी त्याच्यातून झिरपून कपड्यांपर्यंत येते. ते ठीक असेल तर कोरड्या लंगोटावर पाण्याचा थेंब टाका. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला, तर कापडावर थर चढलाय. आपल्याकडे याचं नेहमीचं कारण मालिशचं तेल. मालिशनंतर आंघोळीआधी बाळाला चांगला लंगोट घालू नका, त्या वेळेसाठी चार जुने कपडे वेगळे ठेवा. झिंक ऑक्साइडचं पुरळावरचं मलम लावत असाल, तर मध्ये जुन्या धोतराचा पातळ तुकडा घाला.

थर काढण्यासाठी फक्त सुती लंगोट घ्या, कव्हरं नकोत. तेलकट जागी भांडी घासायच्या द्रावणाचे एक-दोन थेंब चोळा. मग १५ लिटर कडकडीत गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवून अर्धा तास भिजवा. हाताळताना हातमोजे घाला. त्यानंतर साध्या पाण्यातून फेस येणं पूर्ण थांबेपर्यंत खळबळा. सोडा कापडात राहिला तर बाळाच्या त्वचेला झोंबतो, म्हणून शेवटचं एक पाणी जास्तच काढा.

उग्र वास अमोनियाचा असतो. लघवीतल्या युरियापासून जिवाणू तो तयार करतात. वास आला की पावडर वाढवणं हा उलटा उपाय आहे, कारण न निघालेली पावडर कापडातच साचते आणि घाण धरून ठेवते. रात्रीचे लंगोट सकाळी लगेच साध्या पाण्यातून काढा, मग धुवा. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाच्या वडीऐवजी पावडर वापरा. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका बनतो आणि तो कापडावर बसतो.

कव्हरं उकळू नका, त्यांना इस्त्री किंवा ब्लीच लावू नका. आतला पातळ पडदा सुटतो आणि मग ते दुरुस्त होत नाही.

कापडी पॅडलाही हेच नियम, फक्त पहिलं पाणी थंड हवं. गरम पाण्यात रक्तातली प्रथिनं गोठतात आणि डाग पक्का होतो. इतर कपड्यांखाली लपवून वाळवणं मात्र थांबवाच. दमट पॅडमुळे त्वचेला खाज आणि संसर्ग होऊ शकतो. उन्हात, वारा लागेल असं वाळवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात एका दिवसात जाड कापड वाळत नाही. त्या चार महिन्यांसाठी घडी करून वापरता येईल असं पातळ कापड घ्या. उलगडून पंख्याखाली टाकलं की ते लवकर वाळतं.

फॉइलऐवजी रुमाल, पण पोळ्या ओल्या

तव्यावरून काढलेली पोळी लगेच डब्यात गेली की वाफेचं पाणी होतं. जाळीवर दोन मिनिटं निवू द्या, मग मलमलच्या दुहेरी रुमालात गुंडाळा. रुमालाला खवट वास येत असेल तर तूप-तेल पूर्ण निघालेलं नाही. आठवड्यातून एकदा गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्यात भिजवा. हे रुमाल इतर कपड्यांत टाकू नका, पावडरचा सुगंध पोळीला लागतो.

चार्ज होणारे सेल लवकर उतरतात

भिंतीवरच्या घड्याळाला आणि रिमोटला हे सेल घेऊ नका. तिथे साधा सेल वर्षभर चालतो, मग किंमत वसूल व्हायला कित्येक वर्षं लागतील. खेळण्यांसारख्या, सेल भराभर संपवणाऱ्या वस्तूंत त्यांचं काम.

साधा सेल १.५ व्होल्टचा, चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा. त्यामुळे काही उपकरणं सेल भरलेला असूनही ‘लो बॅटरी’ दाखवतात. हा सेलचा बिघाड नाही, त्या उपकरणाला साधेच सेल ठेवा. चार सेलांचा गट कायम एकत्र वापरा, मार्करने त्यावर खूण करा. जुना-नवा मिसळला की कमजोर सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्याच्यातून प्रवाह रेटतच राहतात आणि तो कायमचा खराब होतो.

स्वस्त चार्जर किती प्रवाह देतो ते त्यावर छापलेलं असतं. २००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेचा सेल २०० एमए (मिलिअँपिअर) प्रवाहाच्या चार्जरवर भरायला १४ ते १६ तास लागतात. चार तासांत काढला तर उतरणारच. आपोआप बंद न होणाऱ्या चार्जरवर दोन-दोन दिवस विसरला, तर तापून त्याचं आयुष्य घटतं. साधा सेल चार्जरमध्ये कधीही घालू नका, तो गळतो किंवा फुटतो.

कप, बाटली, पिशवी

मेन्स्ट्रुअल कप गळतो तेव्हा बहुधा आत पूर्ण उघडलेला नसतो. बोट तळाभोवती फिरवून बघा, घडी लागली तर हळूच फिरवा. काढताना दांडी ओढू नका, तळ चिमटीत दाबून आधी हवा जाऊ द्या. दोन पाळ्यांच्या मध्ये पाच मिनिटं उकळा, पण कप भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका. तांबी (कॉपर-टी) बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

स्टीलच्या बाटलीला वास येतो तो झाकणातल्या रबरी कड्यातून. कडं टोकदार नसलेल्या चमच्याने उचकटून वेगळं धुवा. तांब्याच्या बाटलीत लिंबू सरबत किंवा ताक भरू नका, आंबटात तांबं उतरतं.

महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आल्यावर कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या घरोघरी साठल्या. ठिपक्यांचा दाब असलेली, विणीचे धागे न दिसणारी पिशवी पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच. उन्हात राहिली की तिचा भुगा पडतो. जुन्या पँटच्या कापडाची, धरायचे पट्टे दुहेरी शिवलेली पिशवी दहा किलो धान्य सहज पेलते. ती दाराच्या खुंटीला आणि दुसरी स्कूटरच्या डिकीत ठेवा, आणि भाजी काढून झाली की लगेच जागेवर परत जाऊ द्या.