ट्रायथलॉनची वेळ घसरली? चाकांना दोष देण्याआधी या चुका टाळा

समजा, मागच्या वेळी ऑलिम्पिक अंतर (1.5 किमी पोहणं, 40 किमी सायकल, 10 किमी धावणं) 2 तास 40 मिनिटांत झालं आणि यंदा नवी चाकं घालूनही 2:46 लागले. चाकं फुकट गेली म्हणण्याआधी त्या दिवशीचा वारा आणि ऊन तपासा.

जाताना 20 किमी समोरचा वारा, येताना पाठीचा. म्हणजे हिशेब बरोबरीत सुटला, असं वाटतं. सुटत नाही. जाताना ताशी 30 आणि येताना 40 किमी वेग असेल तर 40 अधिक 30, अशी 70 मिनिटं लागतात. सलग 35 च्या वेगाने तेच अंतर सुमारे साडेअडुसष्ट मिनिटांत होतं. म्हणून दोन स्पर्धांची तुलना वेगावरून नको, सरासरी वॅटवरून (पायडलवर लावलेल्या ताकदीवरून) करा. पॉवर मीटर (ही ताकद मोजणारं सायकलवरचं उपकरण) मात्र सायकल बाहेर 15-20 मिनिटं उभी केल्यावरच झीरो करा, म्हणजे ताण नसताना शून्य दाखवेल असं जुळवा. गारव्यात झीरो करून उन्हात निघालात, तर आकडे सरकू शकतात.

ऊन जास्त फसवं. 15 अंशांच्या तुलनेत 35 अंशांना हवा साधारण साडेसहा टक्के विरळ असते, त्यामुळे तेवढ्याच वॅटमध्ये सायकल दीड-दोन टक्के वेगाने पळते. सायकलचा स्प्लिट (त्या टप्प्याची वेळ) पाहून गडी खूश होतो. इकडे शरीर तापत गेलेलं असतं आणि त्याची वसुली धावताना होते. मग दोष बुटांवर जातो! अशा दिवशी सायकलवर वॅटसोबत हृदयगतीचीही मर्यादा ठेवा आणि धावण्याचे पहिले 2 किमी ठरलेल्या गतीपेक्षा किमीमागे 10-15 सेकंद सावकाश घ्या.

टायरमध्ये ठासून हवा भरणं ही जुनी खोड. खडबडीत रस्त्यावर असं चाक उड्या मारतं आणि ताकद अंग हादरण्यात वाया जाते. 70 किलोच्या स्वाराने 28 मिमी टायरला 70 ते 75 पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं एकक) सुरुवात करावी. हुकलेस रिम (टायर अडकवणारी आतली कड नसलेली) असेल तर 72.5 पीएसआय (5 बार) ही कमाल मर्यादा, आणि टायर किंवा रिमवर याहून कमी आकडा छापलेला असेल तर तोच पाळायचा. 20 अंशांना भरलेले 90 पीएसआय टायर उन्हात 45 अंशांपर्यंत तापला की 99 च्या आसपास जातात. लेटेक्स ट्यूबचं उलट: रात्री भरलेली हवा सकाळपर्यंत बरीच उतरते. दाब स्पर्धेच्या सकाळीच मोजा.

एअरोबार (कोपरं टेकवून वाकून बसण्यासाठी हँडलवर लावलेले पुढचे दांडे) छातीखाली खोल नेले आणि दर पाच मिनिटांनी उठून बसावं लागलं, तर काय उपयोग? आमच्या मते टिकणारी बैठक महागड्या चाकांपेक्षा मोलाची. 10 मिमीचा स्पेसर (उंची वाढवणारा तुकडा) घालून हँडल वर घ्या आणि बाटली दोन बारच्या मध्ये लावा, म्हणजे पाण्यासाठी उठावं लागणार नाही.

वेटसूट (पोहताना घालायचा अंगाला घट्ट रबरी पोशाख) घालायला मिळेलच असं धरू नका. वर्ल्ड ट्रायथलॉनच्या नियमांनुसार हौशी गटांना 1500 मीटरपर्यंतच्या पोहण्यात पाणी 22 अंशांच्या वर असेल तर तो चालत नाही. सूटशिवायचाही सराव हवा. सूट घालताना आधी जांघेत वर ओढा, मग काखेत. जांघेत सैल राहिला तर खांदे खाली खेचले जातात आणि हात लवकर दमतात.

मनगटावरच्या घड्याळाचा जीपीएस हात पाण्याखाली गेला की तुटतो. त्यामुळे 1.5 किमीचे 1.7 दिसले, तर वाट चुकलात की घड्याळ, हे त्यावरून ठरत नाही. आणि ट्रान्झिशनची (एका खेळातून दुसऱ्यात जाण्याची) वेळ तुलनेत वेगळीच ठेवा; पाण्यापासून सायकलपर्यंत कुठे 100 मीटर पळावं लागतं, कुठे 500.