घरचा लादी पाव: चिकट पिठाला मैदा दाखवू नका

पाव घरी करायचा तर सुरुवात लादी पावापासून करावी. सगळं सामान कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं आणि थोडा बिघडला तरी मिसळीत बुडवून खपतो. सोडा-व्हिनेगर घालून यीस्टशिवाय पाव करायच्या भानगडीत पडू नका. त्यातून निघतो तो बिनसाखरेचा केक.

पंधरा पावांचं माप असं: मैदा ५०० ग्रॅम, दूध २०० मिली, पाणी १४० मिली, साखर २५ ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, मऊ लोणी ४० ग्रॅम. मैदा काट्यावर तोला. वाटी दाबून भरली की हलक्या हाताने भरली, यावर माप बदलतं आणि मग दोष यीस्टला जातो. इन्स्टंट यीस्ट थेट मैद्यात घाला. जाडसर दाण्यांचं ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट असेल तर ते आधी कोमट दुधात साखरेबरोबर दहा मिनिटं ठेवा, फेस आला की वापरा. कोमट म्हणजे बोटाला गरम न लागणारं. ६० अंशांच्या आसपास यीस्ट मरतं, मग पीठ कितीही वेळ ठेवा, फुगत नाही.

लोणी सोडून सगळं परातीत कालवा. कोरडा मैदा दिसेनासा झाला की झाकून अर्धा तास विसरून जा.

आता मळणं. नवशिक्यांचे बहुतेक पाव इथेच मरतात आणि मलाही सर्वांत जास्त छळलं ते यानेच. कारण आपला हात पोळीच्या कणकेवर तयार झालेला असतो. पीठ बोटांना चिकटलं की कोरडं पीठ भुरभुरायचं, ही सवय अंगात मुरलेली. त्यात मागून कोणीतरी डोकावून म्हणतंच, ‘‘अगं, सैल झालंय, मूठभर मैदा घाल की!’’ घालू नका. एक मूठही नाही. पोळी लाटायची असते, तिला घट्टपणा चालतो. पावाच्या पिठाला मात्र आत वायू धरून फुग्यासारखं ताणायचं असतं आणि त्याला पाणी लागतं. मैद्यातल्या प्रथिनांना पाणी मिळालं की त्यांचं चिवट जाळं, म्हणजे ग्लुटेन, तयार होतं. चिकटपणा जातो तो हे जाळं जुळल्यावर. वरून मैदा घालून तो नुसता झाकला जातो. असा मैदा खाल्लेला पाव गरम असताना बरा लागतो आणि दुसऱ्या दिवशी मस्का लावायला घेतला की चुरा होऊन हातात येतो.

मग करायचं काय? पीठ ओट्यावर काढा. हाताला पाण्याचं बोट लावा, पीठ नको. दोन्ही हातांनी गोळा उचला, ओट्यावर आपटा, आपल्याकडे ओढून ताणा, पुढे दुमडा, गोळा चतकोर वळसा फिरवा. परत आपटा. ओट्याला लागलेलं पीठ उलथन्याने खरवडून पुन्हा गोळ्यात घ्या. पहिली पाच मिनिटं हा सगळा चिखल वाटेल आणि हात मैद्याच्या डब्याकडे जाईल. डबा वर ठेवून द्या. सहा-सात मिनिटांनंतर ते ओट्यावरून स्वतःच सुटायला लागतं, आपटल्याचा आवाजही बदलतो, पचपच जाऊन थप्प येतो. आता लोणी थोडंथोडं घाला. आधी घातलं तर चरबी प्रथिनांना वेढते आणि जाळं उशिरा जुळतं. लोण्यामुळे पीठ पुन्हा विस्कटेल, घाबरू नका, अजून पाचेक मिनिटं तिंबा.

झालं की नाही हे घड्याळाला विचारू नका. लिंबाएवढा गोळा घ्या, ओल्या बोटांनी चारी बाजूंनी हळूहळू ताणा आणि खिडकीसमोर धरा. पडदा न फाटता पातळ झाला, पलीकडचा उजेड दिसला, तर झालं. भोक पडलं आणि त्याच्या कडा खरबरीत दिसल्या तर अजून मळायचंय.

पुढचं सोपं आहे. तेलाच्या हाताने भांड्यात झाका, दुप्पट होऊ द्या. ‘एक तास ठेवा’ हा सल्ला कोणत्या गावचा, कोणत्या महिन्यातला, ते कोणी सांगत नाही. मे महिन्यात मुंबईत पाऊण तासही पुरतो, डिसेंबरात नाशिकला दोन तास लागू शकतात. मग हवा काढून साठ-साठ ग्रॅमचे गोळे वळा, जोड खाली ठेवा. नऊ बाय तेरा इंचाच्या ट्रेमध्ये तीन बाय पाच असे, अर्धा इंच अंतरावर लावा. फुगून एकमेकांना भिडले की बोटाने हलकं दाबा. खळगा हळूहळू अर्धवट भरला तर भाजायची वेळ झाली. चटकन भरला तर थोडं थांबा. भरलाच नाही तर उशीर झालाय, लगेच आत ढकला.

वरून दूध लावून, आधी तापवलेल्या ओटीजीत, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये, २०० अंशांवर, दोन्ही रॉड चालू ठेवून १८ ते २० मिनिटं. कुकरात तळाला मीठ पसरूनही पाव होतो, पण वरून पांढराफटक राहतो.

बाहेर काढताच लोणी फिरवा आणि घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याखाली दहा मिनिटं ठेवा, त्याने वरची साल मऊ पडते. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. उरलेला पाव फ्रीजमध्ये नको, तिथे तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. जास्तच उरला तर पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाका आणि हवा तेव्हा तव्यावर लोण्यात परता.