इंदूरचा मुक्काम: लांबच्या सायकल सफरीत मोठी मुले भेटायला येतात तेव्हा

लांबच्या सफरीत इंदूरला एक दिवस थांबायचे आणि पुण्या-मुंबईहून मुलांनी भेटायला यायचे, हा बेत कागदावर सोपा दिसतो. अडचण अशी की त्या एका दिवसावर तिघांचा हक्क असतो: पायांचा, सायकलचा आणि मुलांचा. मुले सुट्टी काढून आलेली असतात, त्यामुळे सगळा दिवस त्यांच्या वाट्याला जातो. मग निघायच्या दिवशी चेन कोरडी, झोप अपुरी आणि पोट बिघडलेले.

यावर उपाय एकच. विश्रांतीचा दिवस चोवीस तासांचा धरू नका. तो पोहोचलेल्या दुपारी सुरू होतो आणि निघायच्या पहाटे संपतो, म्हणजे हाती दीड दिवस आणि दोन रात्री येतात. जागरण पहिल्या रात्री, झोप दुसऱ्या रात्री. बाकी सगळे याच्याभोवती बसवा.

वार आणि वेळ

रविवारी बरीच सुट्या भागांची दुकाने बंद असतात आणि सोमवारी सरकारी संग्रहालये. म्हणून मुक्कामाचा पूर्ण दिवस मंगळवार ते शनिवार यांतला पकडा.

देवास किंवा उज्जैनकडून येत असाल तर दुपारपर्यंत आरामात पोहोचता. नर्मदेकडून येणे वेगळे. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे आणि नदीकाठ दीडशे-पावणेदोनशेच्या आसपास. बडवाहकडून भेरूघाट किंवा धामनोदकडून मानपूरचा घाट चढल्याशिवाय सुटका नाही. सामानासह हा चढ आणि पुढे शहरातली गर्दी एकाच दिवशी केली तर संध्याकाळ आडवे पडण्यात जाते. महेश्वरकडून येताना आदल्या रात्री महूला थांबा. तिथून इंदूर पंचवीस किलोमीटरच्या आतच आहे, म्हणजे सकाळी दहापर्यंत खोलीत.

मुलांनी तुमच्या पोहोचण्याच्याच दिवशी यावे, विश्रांतीच्या दिवशी सकाळी नव्हे. मुंबईची अवंतिका एक्सप्रेस रात्रभर धावून सकाळी इंदूरला येते. पुण्याहूनही थेट गाडी आहे. मुलेही प्रवासाने शिणलेली असतात, हे आपण विसरतो. पहिल्या दुपारी सगळ्यांनीच झोपावे.

उतरायचे कुठे

इंदुरात मराठी माणसाचे कोणी ना कोणी निघतेच. आत्या, मावसभाऊ, नाहीतर सुनेचे माहेर. त्यांच्याकडे जेवायला जा, पण झोपायला लॉजवर. घरी उतरलात तर दुपारी दोनला दार लावून झोपता येत नाही, गॅलरीत चेनचे काळे तेल सांडता येत नाही आणि श्रीखंडाच्या तिसऱ्या वाटीला नाही म्हणता येत नाही. फोनवरच सांगून ठेवा: "जेवायला साडेबाराला येतो, अडीचला उठतो." उठायची वेळ आधी सांगितली की कोणी रागावत नाही, किंवा निदान कमी रागावते.

लॉज स्टेशन ते राजवाडा या पट्ट्यात बघा. खोली घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: सायकल तळमजल्यावर कुलपात राहील का, बादली आणि गरम पाणी मिळेल का, गच्चीवर दोरी आहे का. मुलांची खोली वेगळी घ्या. दोन पिढ्यांची झोपायची वेळ जुळत नाही.

मुलांनी काय आणायचे

यादी किमान दहा दिवस आधी पाठवा, आणि नुसते "ट्यूब आणा" लिहू नका. टायरच्या कडेला छापलेला आकडा लिहा, उदाहरणार्थ ४०-६२२. व्हॉल्व्हचा प्रकार लिहा: बारीक प्रेस्टा की मोटारीसारखा जाड श्रेडर. प्रेस्टासाठी रिमला साडेसहा मिलिमीटरचे भोक असते, श्रेडरला साडेआठचे. जाड व्हॉल्व्ह बारीक भोकात जातच नाही. बारीक व्हॉल्व्ह मोठ्या भोकात जातो, पण हलतो आणि बुडाशी फाटतो. रिम खोल असेल तर व्हॉल्व्हची लांबीही लिहा.

चेन मागवताना मागच्या चाकावरच्या दात्यांच्या चकत्या मोजून आकडा द्या. नऊच्या चेनची जोडकडी दहाच्या चेनला चालत नाही. ब्रेक पॅडसाठी जुन्या पॅडच्या पाठीचा आणि ब्रेकवरच्या मॉडेल नंबरचा फोटो पाठवा. औषधांच्या पट्टीचाही फोटो, घटकाचे नाव दिसेल असा.

मुले विमानाने येत असतील तर हवा भरायची गॅसची नळकांडी आणि पेट घेणारी स्प्रे तेले त्यांच्याकडे देऊ नका. हत्यारे चेक-इन बॅगेत, पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेत.

पहिली रात्र

पोहोचल्यावर बसायच्या आधी कपडे धुवा. एकदा टेकलात की ते काम उद्यावर जाते आणि उद्याचे ओले कपडे बॅगेत कुबट होतात. मग जेवण, दोन तास झोप, आणि रात्री सराफा. सोन्याचांदीची दुकाने बंद झाल्यावरच तिथे खाण्याच्या गाड्या लागतात. नऊच्या आधी गेलात तर नुसती रिकामी गल्ली बघून याल.

तिघांत एक प्लेट घ्या. समोर तळलेले आणि तव्यावरून थेट आलेले खा: भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू (तळलेला कंद), गरम जिलेबी. पाणीपुरी, बर्फ आणि उघडी कच्ची चटणी सोडा. घरी राहणाऱ्याचे पोट बिघडले तर तो सुट्टी टाकतो, तुमचे बिघडले तर पुढचे सत्तर किलोमीटर झाडे शोधावी लागतात. इथली शिकंजी लिंबाची नसून घट्ट गोड दुधाची असते, तेव्हा तहान भागवायला मागवू नका.

सायकल: सकाळी दोन तास

पोहे-जिलेबी झाली की लगेच सायकल काढा. दुपारपर्यंत टाळू नका. एखादा भाग लागला तर दुकानात जायला दिवस हाताशी हवा. मुलांना कामाला लावा. एकाने सायकल धरायची, एकाने दुकान गाठायचे. गप्पाही अशा कामात बऱ्या होतात.

बादलीच्या पाण्याने आणि फडक्याने धुवा. सर्व्हिस स्टेशनचा जोराचा फवारा बेअरिंगमधले ग्रीस धुऊन काढतो. मग चेन मोजा. नव्या चेनमध्ये एका पिनेपासून बारा पूर्ण जोड्या बरोबर बारा इंच भरतात. दहा-अकरा गिअरच्या चेनला दीड मिलिमीटर वाढ दिसली तर बदला. आठ-नऊ गिअरला सव्वादोनपर्यंत चालते. त्यापुढे चेन मागचे दाते खाते आणि मग नवी चेन जुन्या दात्यांवर घसरते. ती घसरण रिकाम्या सायकलवर कळत नाही, जोर लावून चढताना कळते. म्हणून नवी चेन बसवली की सामान लादून एखाद्या उड्डाणपुलावर चढवून बघा.

तेल प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब, दहा मिनिटे थांबून बाहेरचे पुसून टाका. कुठलाही मेकॅनिक प्रेमाने पिचकारीभर तेल ओततो आणि माळव्याची काळी धूळ त्यात मिसळून चेन झिजवणारा लेप होतो. त्याला हात लावू देऊ नका.

कॅरियरचे खालचे दोन बोल्ट हमखास सैल होतात. पाच मिलिमीटरचा बोल्ट असेल तर छोट्या ॲलन की ने बोटांच्या जोराने आवळणे पुरे. लांब पान्याने ताकद लावली की फ्रेममधले आटे जातात. स्पोक दोन-दोन चिमटीत दाबून बघा, एखादा लिबलिबीत लागला तर नोंद घ्या. टायर हळू फिरवून बाभळीचे काटे आणि काचा टोकदार सुईने काढा.

डिस्क ब्रेकच्या पॅडचा थर एक मिलिमीटरच्या खाली गेला असेल तर बदला. तेलकट बोट डिस्कला लागू देऊ नका, ब्रेक किंचाळण्याचे नेहमीचे कारण तेच.

पाय, पोट आणि बोलणी

पॅडची चड्डी दिवसभर घालू नका. सैल सुती कपडे घाला, बसायच्या जागेची कातडी धुऊन कोरडी ठेवा. चालणे सगळे मिळून तीन-चार किलोमीटर. सायकलवर महिना काढलेले पाय उभे राहायला सरावलेले नसतात, संग्रहालयात तासभर रेंगाळलात की पोटऱ्या भरून येतात. राजवाडा, म्हणजे खाली तीन मजले दगडी आणि वर चार लाकडी असा सात मजल्यांचा होळकरांचा वाडा, आणि जवळच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकरांची स्मारके) एवढे बघा. लालबाग महाल फारच बघायचा असेल तर रिक्षाने.

मुलांच्या मनात "बाबा, आता बास करा" असतेच. ते निघताना दारात नको, दुपारच्या जेवणानंतर बसून बोला आणि आकड्यांवर बोला. सकाळी उठल्यावरची नाडी नेहमीपेक्षा आठ-दहाने जास्त दोन दिवस राहिली, जिना उतरताना गुडघा दुखला किंवा हाताची करंगळी सकाळपर्यंत बधिर राहिली, तर आणखी एक दिवस थांबायचे. तरी फरक नसेल तर डॉक्टर. यांतले काही नसेल तर पुढे जायचे. "तुम्हाला झेपणार नाही" आणि "मला काही होत नाही" ही दोन्ही वाक्ये सारखीच निरुपयोगी.

परतीची गाडी, शेवटची संध्याकाळ

मुंबईची गाडी संध्याकाळी सुटते, तीच धरायला लावा. मुलांबरोबर दोन-तीन किलो सामान घरी पाठवा: आठवडाभर ज्याला हात लागला नाही ते सगळे, फक्त हत्यारे, औषधे आणि थंडी-पावसाचा एक थर सोडून. आणलेल्या लाडवांचा अर्धा डबाही परत जाऊ दे, आईने कितीही कोंबला असला तरी.

त्यांना सोडून आल्यावर सामानाशिवाय वीस-तीस मिनिटे हलक्या गिअरवर फिरा. पाय मोकळे होतात आणि सायकलही तपासून होते. नवे ब्रेक पॅड असतील तर रिकाम्या रस्त्यावर ताशी वीस किलोमीटरच्या वेगापासून चाक न अडकवता पंधरा-वीस वेळा हळू करा, तेव्हा ते डिस्कवर बसतात. दक्षिणेला निघणार असाल तर हे चुकवू नका, कारण सकाळी पहिल्या टप्प्यातच लांब उतार लागतो आणि सोबत ट्रक असतात. साडेसातला वरणभात, नऊला दिवा बंद. हवा रात्रीच भरा: पहाटे टायर मऊ लागला तर पंक्चर लॉजवरच सापडते.