व्हॅनच्या ड्रायव्हरांसाठी पॉइंटची वही कशी ठेवावी

सांगली-मिरज रस्त्यावर माझ्या शाळेच्या व्हॅन धावतात. मागे बसलेली लेकरं दुसऱ्यांची, त्यामुळे प्रत्येक ड्रायव्हरच्या नावाने मी पॉइंटची वही ठेवते: चूक केली, की त्याच्या नावावर ठरलेले पॉइंट चढतात. तुमच्याही व्हॅन किंवा टेम्पो असतील, तर आजच सुरू करा.

परदेशात हे पॉइंट सरकारच लायसनवर लावतं. ब्रिटनमध्ये तीन वर्षांत 12 भरले, की साधारणपणे किमान सहा महिने गाडी चालवायला बंदी. स्पेनने 2006 मध्ये उलटा हिशेब धरला: आधी 12 द्यायचे, मग चुकेल तसे कापायचे. याने रस्ते सुरक्षित होतात का? बऱ्याच देशांचे अभ्यास एकत्र करून 2012 मध्ये निष्कर्ष निघाला, की सुरुवातीला अपघात आणि मृत्यू 15 ते 20 टक्क्यांनी घटतात, पण दीड वर्षाच्या आत परिणाम ओसरतो. कारण उघड आहे. पकडणारं कोणी नाही हे कळलं, की पाय पुन्हा अ‍ॅक्सिलरेटरवर. म्हणून कोणत्या चुकीला किती पॉइंट यावर डोकं शिणवू नका, तपासणी चुकवू नका.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. कॅमेऱ्याचं ई-चलन गाडीच्या नंबरवर, म्हणजे मालकाच्या नावावर येतं. फोटोत एमएच-10 ची पाटी दिसते, स्टिअरिंगवर कोण होतं ते कळत नाही. ब्रिटनमध्ये ड्रायव्हर कोण होता हे मालकाला कळवावंच लागतं, नाहीतर त्याच्याच लायसनवर 6 पॉइंट. तेवढं काम आपली वही करते. सकाळी किल्ली देताना तारीख, गाडी, वेळ, नाव लिहा आणि सही घ्या. बदली ड्रायव्हर तासाभरासाठी आला तरी त्याचीही. दर सोमवारी वाहतूक पोलिसांच्या ई-चलन साइटवर गाडीचा नंबर टाका आणि चलनाची वेळ वहीशी ताडून बघा.

चलन न झालेल्या चुकाही धरा. त्या पालक आणि पोरंच सांगतात, "काका फोनवर बोलत होते." मोबाइलला माझ्याकडे 6, दार उघडं ठेवून गाडी हलवली तरी 6. विश्रामबागेत वळसा वाचवायला उलट्या बाजूने घातली तर 4, बेल्ट नसेल तर 2. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला तासगाव रस्त्यावर अंधारात ओव्हरटेक केलं, तर थेट 12. मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर असेलच असं नाही, आणि ट्रॅक्टरची लांबी अंधारात कळत नाही.

12 भरले की महिनाभर स्टिअरिंग नाही. त्या काळात गाड्यांची देखभाल करायची, पगार मात्र पूर्ण. पगार कापला की ड्रायव्हर एकमेकांच्या चुका झाकतात आणि वही कोरी राहते. इटलीतही स्पेनसारखे पॉइंट कापतात, आणि दोन वर्षं चूक नसेल तर 2 पॉइंट बक्षीस मिळतात. तसं आपणही स्वच्छ तिमाहीला 2 उतरवावेत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत वही बंद करू नका. त्याच गाड्या लग्नाच्या भाड्याला जातात, रात्री-अपरात्री परततात. ते पॉइंटही त्याच हिशेबात धरा.